एबीएची पहिली वही: नव्या पालकांसाठी आणि शॅडो टीचरसाठी

मुलाला ऑटिझम असल्याचा रिपोर्ट हातात पडला की पहिल्या आठवड्यातच तीन शब्द कानावर पडतात: ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच आणि एबीए. पहिल्या दोघांचा थोडाफार अंदाज येतो. एबीएबद्दल मात्र कुणी सांगतं, ‘खाऊ देऊन शिकवतात’, तर कुणी सांगतं, ‘मुलांचा रोबो करून टाकतात.’ दोन्हींमागे काही ना काही कारण आहे, त्याकडे पुढे येईनच. हा लेख या कामात नुकत्याच पडलेल्यांसाठी आहे: आई-बाबा, शाळेत नव्याने लागलेली, वर्गात मुलासोबत बसून त्याला मदत करणारी शॅडो टीचर, बी.एड. स्पेशलला नुकताच प्रवेश घेतलेली मुलं. लागणार आहे एक शंभर पानी वही आणि पेन.

एबीए म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण. मुळं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आहेत. बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करत होते, आणि वागण्यानंतर लगेच जे घडतं त्यावर ते वागणं पुन्हा होणार की नाही हे ठरतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९३८ सालचं. माणसांच्या रोजच्या अडचणींसाठी ही तत्त्वं वापरायची तर कोणती पथ्यं पाळायची, हे १९६८ मध्ये डोनाल्ड बेअर, माँट्रोस वुल्फ आणि टॉड रिस्ली या कॅन्सस विद्यापीठातल्या तिघांनी एका लेखात मांडलं. त्यांनी सात निकष दिले. नवख्या माणसाने त्यातले दोन आधी लक्षात ठेवावेत. जे वागणं बदलायला घेतलं आहे ते त्या व्यक्तीच्या आयुष्यात खरोखर महत्त्वाचं असावं. आणि काय केलं ते इतकं नेमकं लिहिलेलं असावं की दुसऱ्या कुणी वाचून तसंच्या तसं करावं. पहिला निकष अनेक ठिकाणी विसरला जातो आणि ‘रोबो’ची तक्रार तिथूनच सुरू होते.

पायरी १: वागणं शब्दांत पकडा

‘फार हट्टी आहे’, ‘मुद्दाम करतो’, ‘मूडी आहे’, ‘लक्षच देत नाही’. पालकांच्या पहिल्या भेटीत ही वाक्यं हमखास येतात. यातलं एकही वर्तन नाही, ही आपण चिकटवलेली लेबलं आहेत. वर्तन म्हणजे जे दिसतं, ऐकू येतं आणि मोजता येतं. ‘हट्ट करतो’ऐवजी असं लिहायचं: ‘जमिनीवर आडवा होतो, पाय आपटतो, मोठ्याने किंचाळतो.’ ही व्याख्या आजीला आणि शाळेतल्या ताईंना वाचायला द्या. दोघींनी एकाच दुपारी वेगवेगळं बसून मोजलं आणि आकडा साधारण सारखा आला, तर व्याख्या जमली.

ऑग्डेन लिंडस्ले या अभ्यासकाने दिलेली एक कसोटी थोडी विचित्र आहे, पण कामाची आहे: मेलेला माणूस जे करू शकतो ते वर्तन नव्हे. ‘गप्प बसणं’, ‘न मारणं’, ‘वर्गात उठून न जाणं’ ही उद्दिष्टं या कसोटीत नापास होतात. मूल काय करेल ते लिहा: हात दाखवून मदत मागेल, कार्ड देऊन सुट्टी मागेल, स्वतःचा डबा उघडेल.

पायरी २: तीन रकाने

वहीचं पान आडवं धरा आणि तीन रकाने पाडा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सगळे एबीसी म्हणतात. पूर्वघटक, वर्तन, परिणाम असे पुस्तकी शब्दही आहेत, पण क्लासमध्ये कुणाच्या तोंडी ते ऐकू येत नाहीत.

समजा, चार वर्षांचा चिनू वस्तू फेकतो. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी अशा दिसतील.

सोमवार, संध्याकाळी सव्वासात. आधी: आई ओट्याजवळ फोनवर बोलायला लागली, चिनूकडे पाठ. वर्तन: स्टीलचा पेला टेबलावरून खाली ढकलला. नंतर: आईने फोन ठेवला, ‘किती वेळा सांगायचं’ म्हणाली, फरशी पुसली, त्याला कडेवर घेतलं.

मंगळवार, सकाळी साडेआठ. आधी: बाबा दारात इस्त्रीवाल्याशी बोलत होते. वर्तन: चप्पल फेकली. नंतर: बाबा ‘अरे अरे’ करत आत आले, त्याच्यासमोर उकिडवे बसून समजावू लागले.

मंगळवार, दुपारी चार. आधी: ताईंनी रेघा जोडायची वर्कशीट पुढे ठेवली. वर्तन: पेन्सिल फेकली. नंतर: ‘बरं, जरा थांबू या’ म्हणत ताईंनी वर्कशीट बाजूला केली.

वरून पाहिलं तर तिन्ही वेळा फेकणं सारखंच आहे. पहिल्या दोन नोंदींत त्यातून मोठी माणसं जवळ आली, तिसरीत नको असलेलं काम टळलं. एकाच वागण्याची दोन कामं झाली, आणि त्यावर एकच उपाय चालणार नाही.

नोंदी करताना पहिल्या रकान्यात ‘कंटाळला होता’, ‘चिडलेला होता’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरा, कारण तो आपला अंदाज आहे. झोप, भूक, औषध बदललं, घरी पाहुणे आले, शाळेत गॅदरिंगची तालीम सुरू आहे, या गोष्टी पानाच्या वरच्या बाजूला वेगळ्या लिहा. त्या थेट कारण नसतात, पण त्या दिवशी मुलाचा बांध लवकर फुटतो.

पायरी ३: हे वागणं काय काम करतं?

वर्तनामागची कारणं ढोबळमानाने चार प्रकारांत मांडली जातात. लक्ष मिळवणं. एखादी वस्तू किंवा आवडती गोष्ट मिळवणं. काम, जागा, आवाज, माणूस यांपासून सुटका. आणि चौथं, ते करण्यातच मिळणारी संवेदना: हात फडफडवणं, गोल फिरणं, पंख्याकडे एकटक बघणं. समोर कुणी नसतानाही हे चौथं चालूच राहतं. वागणं यातलं जे काम करतं त्याला ‘फंक्शन’ म्हणतात आणि एबीएमध्ये सगळ्यात जास्त उच्चारला जाणारा शब्द कदाचित हाच असेल.

१९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांना ठरवून वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं: एकदा इजा केल्यावर लक्ष द्यायचं, एकदा समोर ठेवलेलं काम काढून घ्यायचं, एकदा एकटं ठेवायचं, एकदा भरपूर खेळायला द्यायचं. बाहेरून सारखं दिसणारं वागणं वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणाने टिकून असतं, हे त्यातून दिसलं. हा प्रयोग घरी करायचा नाही. घरी एबीसीच्या नोंदी पुरतात.

आणि सगळ्यात आधी डॉक्टर. बोलता न येणारं मूल अचानक कानावर मारून घ्यायला लागलं, जेवण टाकायला लागलं, रात्रीबेरात्री रडायला लागलं, तर कान, दात आणि बद्धकोष्ठता तपासून घ्या. दुखणाऱ्या दाढेवर वर्तनाचा कुठलाही आराखडा चालत नाही.

पायरी ४: प्रबलन आणि शिक्षा

इथे निम्मे लोक अडखळतात, म्हणून जरा सावकाश.

वागण्यानंतर जे घडलं त्यामुळे पुढे ते वागणं वाढलं, तर ते प्रबलन. कमी झालं, तर शिक्षा. आपला हेतू काय होता याला इथे काही किंमत नाही. धन आणि ऋण हे शब्द चांगलं-वाईट या अर्थाने घ्यायचे नाहीत, ते बेरीज-वजाबाकीचे आहेत. धन म्हणजे काहीतरी आलं, ऋण म्हणजे काहीतरी गेलं. त्यामुळे ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट दूर झाली म्हणून वागणं वाढलं, एवढाच त्याचा अर्थ.

हॉटेलात मूल रडायला लागतं. आई पर्समधून मोबाइल काढून देते. मूल गप्प. मुलाच्या बाजूने हे धन प्रबलन: रडलं की मोबाइल मिळतो, तर पुढच्या वेळी रडणं वाढणार. आता आईच्या बाजूने बघा. मोबाइल दिला आणि रडणं थांबलं, आजूबाजूच्या टेबलांवरच्या नजरा हटल्या. नकोशी गोष्ट गेली. हे आईसाठी ऋण प्रबलन, म्हणजे पुढच्या वेळी तिचा हात पर्सकडे अजून लवकर जाणार. दोघंही एकमेकांना शिकवत असतात. पालकांना दोष देणाऱ्यांनी हे चित्र एकदा नीट बघावं.

दुसरं उदाहरण वर्गातलं. गणिताच्या तासाला बाक वाजवणाऱ्या मुलाला बाई बाहेर उभं करतात. बाईंच्या मते ही शिक्षा. त्याला गणितच नको होतं, तर बाहेर उभं राहणं हे त्याच्यासाठी बक्षीस आहे आणि उद्या बाक अजून जोरात वाजेल.

आता प्रबलक, ज्याला सगळे रीइन्फोर्सर म्हणतात. तो मूल ठरवतं. पेढा तुम्हाला आवडतो म्हणून तो मुलाचा प्रबलक होत नाही. दोन-दोन वस्तू समोर ठेवून मूल कशाकडे हात नेतं ते बघा, वेगवेगळ्या जोड्या करा, क्रम लावा. साबणाचे फुगे, पाठीवर घट्ट दाब, लिफ्टचं बटण दाबायला मिळणं, काहीही निघू शकतं. नुकताच अर्धा पुडा पार्ले-जी खाल्लेल्या मुलाला बिस्किटासाठी काम करावंसं वाटणार नाही. गोष्टीची किंमत अशी वरखाली होण्यामागे जी स्थिती असते तिला मोटिव्हेटिंग ऑपरेशन म्हणतात. सेशन जेवणानंतर लगेच असेल तर खाऊवर भिस्त ठेवू नका.

देण्याच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. लगेच, शक्यतो सेकंदांत. आणि कशासाठी ते सांगून: ‘व्वा, स्वतः चेन लावलीस!’ नुसतं ‘गुड बॉय’ हवेत विरतं. ‘आधी दोन घास भाजी, मग आमरस’ हे आजीचं तंत्र डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये तत्त्व म्हणून मांडलं: जास्त आवडीची कृती कमी आवडीच्या कृतीनंतर ठेवली, तर कमी आवडीची वाढते. याला लाच म्हणणारे पुष्कळ भेटतील. रडणं सुरू झाल्यावर ते थांबवायला चॉकलेट पुढे करणं ही लाच. कामाआधी ठरलेलं आणि काम झाल्यावर मिळालेलं, ते प्रबलन.

नवीन गोष्ट शिकताना सुरुवातीला प्रत्येक वेळी द्यायचं, जमू लागलं की हळूहळू विरळ करत जायचं. अधूनमधून, कधी मिळेल ते न कळता मिळणाऱ्या गोष्टीसाठीचं वागणं फार चिवट असतं. लॉटरीची तिकिटं त्यावरच खपतात. म्हणूनच दहा वेळा ‘नाही’ म्हणून अकराव्यांदा हार मानणं हे पहिल्यांदाच देऊन टाकण्यापेक्षा महागात पडतं.

पायरी ५: विलोपन, आणि त्याची जोडी

एखाद्या वागण्याला आतापर्यंत जे मिळत होतं ते मिळणं बंद केलं की ते वागणं ओसरतं. हे विलोपन, एक्स्टिंक्शन. याचा अर्थ ‘दुर्लक्ष करा’ असा सरसकट लावला जातो, आणि तिथे गडबड होते. लक्षासाठी फेकलेल्या पेल्याकडे दुर्लक्ष करणं हे विलोपन. वर्कशीट टाळायला फेकलेल्या पेन्सिलीकडे दुर्लक्ष करून काम सोडून देणं हे मात्र थेट प्रबलन आहे.

शिवाय विलोपन सुरू केलं की वागणं अनेकदा आधी वाढतं. आवाज चढतो, फेकण्यात नवीन वस्तू येतात, क्वचित कधी न चावणारं मूल चावतं. हा एक्स्टिंक्शन बर्स्ट. त्या क्षणी माघार घेतली तर मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात ओरडलं की काम होतं. तेवढं सोसण्याची घरातल्या सगळ्यांची, आजोबांसकट, तयारी नसेल तर सुरूच करू नका. डोकं आपटणं, चावून घेणं असं काही असेल, तर तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय विलोपनाला हात लावायचा नाही.

नुसतं बंद करण्यावर माझा तर अजिबात विश्वास नाही. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं की त्रासदायक वागण्यातून मुलाला जे मिळत होतं तेच मागण्याची सोपी पद्धत शिकवली, तर त्रासदायक वागणं कमी होतं. याला फंक्शनल कम्युनिकेशन ट्रेनिंग म्हणतात. चिनूला दोन गोष्टी शिकवायच्या: लक्ष हवं तर आईच्या हाताला हात लावणं, आणि काम नको तर ‘सुट्टी’चं कार्ड देणं. नवी पद्धत फेकण्यापेक्षा सोपी असली पाहिजे आणि तिला उत्तर जास्त लवकर मिळालं पाहिजे. पहिले काही दिवस कार्ड दिलं की लगेच सुट्टी, कितीही वेळा. ‘सारखंच मागतो मग’ अशी तक्रार येते. मागू दे. थांबायला शिकवणं हा पुढचा धडा.

पायरी ६: नवीन शिकवताना

त्रास कमी करण्यापेक्षा एबीएचा जास्त वेळ शिकवण्यात जातो, निदान जावा. मोठ्या कामाचे तुकडे करणं म्हणजे टास्क अ‍ॅनालिसिस. ते तुकडे ओळीने जोडणं म्हणजे चेनिंग. हाफ पँट घालणं घ्या: पँट पकडणं, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. शेवटच्या तुकड्यापासून शिकवलं तर त्याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. सगळं आपण करायचं, शेवटचं कमरेवर ओढणं तेवढं मुलाने. दरवेळी ‘झालं!’ हा क्षण त्याच्या वाट्याला येतो, म्हणून कपडे आणि बूट शिकवायला मला हीच पद्धत आवडते.

प्रॉम्प्ट म्हणजे दिलेला आधार: हात धरून, खुणेने, करून दाखवून, चित्राने, बोलून. प्रॉम्प्ट देताना तो काढायचा कसा हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर मूल ‘हात धु’ ऐकल्याशिवाय नळाखाली हातच नेत नाही. बोलून दिलेला प्रॉम्प्ट काढायला सगळ्यात जड, आणि आपण सगळ्यात जास्त तोच देतो. गप्प राहून खूण करून बघा.

शेपिंग म्हणजे हव्या असलेल्या वागण्याच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला दाद देणं. याचं जुनं आणि सुंदर उदाहरण वुल्फ, रिस्ली आणि मीस यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलं. अभ्यासात डिकी नावाने येणारा साडेतीन वर्षांचा मुलगा. मोतीबिंदूमुळे डोळ्यांतली भिंगं काढलेली, चष्मा लावला नाही तर नजर जाण्याचा धोका. आणि तो चष्मा लावू देत नव्हता. त्यांनी काचा नसलेल्या फ्रेम खोलीत ठेवल्या. फ्रेम उचलली की खाऊ, हातात धरली की खाऊ, डोळ्यांजवळ नेली की खाऊ. सुरुवातीला खाऊचं आकर्षण पुरेना, तेव्हा न्याहारीच घासाघासाने वापरली. शेवटी तो दिवसाला बाराएक तास चष्मा लावू लागला. आज जेवण असं राखून धरणं बहुतेकांना पटणार नाही, मलाही नाही. पण फ्रेम आधी आणि काचा नंतर, ही कल्पना श्रवणयंत्र, मास्क, हेल्मेट सगळ्याला लागू पडते.

टेबलावर बसून सूचना, प्रतिसाद, परिणाम अशा छोट्या फेऱ्यांत शिकवणं म्हणजे डिस्क्रीट ट्रायल, डीटीटी. खेळता-जेवताना, मूल ज्यात रमलं आहे त्यातूनच शिकवणं म्हणजे नॅचरल एन्व्हायर्नमेंट टीचिंग. नुसतं टेबल करणाऱ्या केंद्रात शिकलेलं घरी उतरत नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. बोलण्याच्या बाबतीत स्किनरच्या १९५७ च्या पुस्तकातले शब्द ऐकू येतील: मागणी म्हणजे मँड, दिसलेल्याचं नाव सांगणं म्हणजे टॅक्ट, ऐकलेलं परत म्हणणं इकोइक, समोरच्याच्या बोलण्याला उत्तर देणं इंट्राव्हर्बल. ‘पाणी’ हा एकच शब्द तहान लागल्यावर मँड, आणि नदी दाखवून म्हटला तर टॅक्ट. एक जमलं म्हणजे दुसरं आपोआप जमेलच असं नाही. सुरुवात मँडपासून करा, कारण त्यात मुलाचा फायदा आहे.

पायरी ७: मोजा आणि बघा

काहीही बदलण्याआधी काही दिवस नुसतं मोजा, ही बेसलाइन. किती वेळा, किती वेळ चाललं, सूचनेनंतर किती वेळाने सुरू झालं, यातलं जे लागू असेल ते. स्वयंपाक करताना मोजायचं तर एका खिशातून दुसऱ्या खिशात चिंचोके टाकत जा. आलेख चौकटीच्या कागदावर काढा, आणि उपाय सुरू केला त्या दिवशी उभी रेघ मारा. रेघेनंतर दोन-तीन आठवडे काहीच हललं नाही, तर मूल बदलत नाही असा निष्कर्ष काढू नका. प्रबलक, फंक्शनचा अंदाज आणि कामाचे तुकडे, या क्रमाने तपासा.

जमलेली गोष्ट दुसऱ्या घरी, दुसऱ्या माणसासोबत, दुसऱ्या वस्तूने होते का, हे सामान्यीकरण. क्लासमधल्या नळावर हात धुणाऱ्या मुलाला आजोळच्या बादली-तांब्यावर धुता आले पाहिजेत. त्यासाठी शिकवतानाच जागा आणि माणसं बदला.

केंद्र निवडताना

आता त्या ‘रोबो’कडे. ऑटिझमसाठी एबीए गाजलं ते ओले इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासामुळे. आठवड्याला सुमारे चाळीस तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ जणांचा बुद्ध्यांक सामान्य पातळीवर आला आणि ती साध्या शाळेत पहिली पार करू शकली, असं त्यात होतं. त्याच कार्यक्रमात मोठ्याने ‘नो’ ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. आज मोठी झालेली अनेक ऑटिस्टिक माणसं लहानपणीच्या एबीएबद्दल कडवट बोलतात: डोळ्यांत बघायची सक्ती, हात फडफडवण्यावर बंदी, तासन्‌तास टेबल. त्यांचं ऐकलंच पाहिजे. कुणाला इजा न करणारी फडफड थांबवणं हे उद्दिष्ट कुणासाठी आहे, हा प्रश्न विचारा. मूल उठून गेलं, तोंड फिरवलं, हात ढकलला, तर तो नकार आहे आणि तो वहीत नोंदला गेला पाहिजे.

प्रमाणपत्रांचा घोळ थोडक्यात. बीसीबीए (एबीएचे आराखडे आखणारे तज्ज्ञ) आणि आरबीटी (त्यांच्या देखरेखीखाली शिकवणारे) ही प्रमाणपत्रं अमेरिकेतलं १९९८ मध्ये स्थापन झालेलं बीएसीबी हे मंडळ देतं. २०२३ पासून भारतातून या मंडळाकडे नव्याने अर्ज करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे आधी घेतलेले काही बीसीबीए आहेत आणि इतर आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रं असलेलेही आहेत. स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते, ती मागून बघायला लाजू नका. खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेची चौकशी करून ठेवा. वर्षाला एक लाखापर्यंतचं हे संरक्षण ऑटिझम असलेल्यांना मिळू शकतं.

केंद्रात गेल्यावर एक सेशन बघायला मागा. उद्दिष्टं कोणी ठरवली, मूल नाही म्हणालं तर काय करता, शिक्षा वापरता का, आलेख दाखवता का, आम्हाला घरी काय करायला शिकवाल, एवढं विचारा. दार बंद ठेवून ‘पालक बाहेरच थांबतात’ असं सांगितलं गेलं, किंवा किती महिन्यांत मूल ‘नॉर्मल’ होईल याची हमी मिळाली, तर पुढच्या तीन महिन्यांची फी भरण्याआधी दुसरं केंद्र बघून या.